पिंचबेकांचा बाक

रोलंड पिंचबेकला बहिणीशी बोलायचं असलं की तो फोन करत नसे, दार वाजवत नसे. तिच्या घरासमोर जीप थांबवून हॉर्न दाबत असे. मार्चमधल्या एका सकाळी त्याने तसाच हॉर्न दाबला. हेझल मुद्दाम जरा वेळ लावून, हात पुसत फाटकापर्यंत आली.

"तुझी ती वंशावळ झाली का पुरी?" त्याने काच अर्धीच खाली केली होती.

"तुला कधीपासून पडली तिची?"

"चर्चला बाक देतोय. ओकचा. पाठीवर सगळ्यांची नावं कोरायचीत, पहिल्यापासून माझ्या नातवापर्यंत. सुगीच्या रविवारी पाद्रीबाई प्रार्थना म्हणतील, मग नावं वाचायची. नावं तू वाच. शाळेत पोरांवर ओरडून ओरडून तुझा आवाज तयार झालाय."

"विनंती करतोयस की हुकूम?"

"नावं हवीत, एवढंच सांगतोय," असं म्हणून त्याने काच वर केली.

होल्मफ्लीट गावात पिंचबेकांना आपण कोण ते सांगावं लागत नसे. चर्चमागची सगळी काळी जमीन त्यांची. बटाटा, कोबी, वसंतात ट्युलिप. रोलंड चर्चचा कारभारी होता, पाण्याचे कालवे बघणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष होता, आणि हे दोन्ही मान जणू रक्तातूनच आल्यासारखे मिरवत होता. हेझल त्याच्याहून चार वर्षांनी धाकटी. लग्न केलं नाही, जन्मभर शेजारच्या गावातल्या शाळेत भूगोल शिकवला. बाप अंथरुणाला खिळला तेव्हा त्याचं सगळं तिनेच केलं. भरवलं, पुसलं, रात्री-अपरात्री उठली. बाप गेल्यावर कळलं की जमीन, घर, गोदामं सगळं रोलंडच्या नावावर. "त्याला मुलगा आहे," एवढंच कारण बापाने दिलं होतं. हेझलला बापाचं भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तेही ग्लेनिसने, म्हणजे रोलंडच्या बायकोने, ते आवडत नाही म्हणून सोडलं तेव्हा.

तेव्हापासून तिने वंशावळीचा नाद घेतला. जमीन गेली तर गेली, नाव तरी माझं आहे की नाही बघते, अशा इरेला पेटून ती लिंकनच्या दप्तरखान्यात जाऊन बसायची. बाप्तिस्मे, लग्नं, दफनं. जुन्या पाद्र्यांच्या किरट्या अक्षरातून तिने एकेक पिंचबेक उकरून काढला. सतराशे अकरामध्ये या गावात लग्न केलेल्या थॉमसपर्यंत ती पोचली होती. रोलंडला यातलं काही ठाऊक नव्हतं. पिंचबेक म्हणून त्याला फक्त जमीन दिसायची.

पणजोबा ईनॉक यांचे दोन भाऊ कॅनडाला गेले होते. त्यांच्या पणतवंडांपैकी एक बाई हेझलशी पत्रव्यवहार करायची. बाकाची गोष्ट ऐकून तिने लिहिलं, "आमच्याकडच्या बऱ्याच जणांनी डीएनए तपासलाय. तूही तपास. कागदावर शिक्का बसेल." हेझलने नळीत थुंकून पाकीट पोस्टात टाकलं आणि नावांची यादी करायला बसली.

मे महिन्यात निकाल आला. जुळणाऱ्या माणसांची लांबलचक यादी होती. आईच्या बाजूचे सगळे आले होते, मावसभावाची मुलगीसुद्धा. कॅनडाचा एकही पिंचबेक नव्हता.

तिने पुन्हा पुन्हा पाहिलं. कॅनडाच्या बाईचं नाव शोधात घातलं. उत्तर आलं, या व्यक्तीशी तुमचं नातं आढळत नाही. बापाच्या बाजूला म्हणून जी माणसं दिसत होती ती भलतीच. ऑस्ट्रेलियातले टेब, ग्रिम्सबी बंदरातली काही कुटुंबं, आणि नॉरफोकमधले काही लोक ज्यांचा कशाशीच मेळ बसत नव्हता.

टेब या नावावर तिचं बोट थांबलं. होल्मफ्लीटमध्ये टेब होते. कालव्याच्या कडेच्या बैठ्या घरांमध्ये राहणारे, पिढ्यान् पिढ्या पिंचबेकांच्या शेतात राबलेले. टेब दारावरून गेला की चमचे मोजा, ही पिंचबेकांच्या घरातली जुनी म्हण. पणजीची कसलीशी पिन एका टेब मुलीने चोरली आणि तिला हाकलून दिलं, अशी गोष्ट होती. नाताळात टर्की कापताना रोलंड ती हमखास सांगायचा आणि पाहुणे हसायचे.

हेझल शेतावर गेली तेव्हा रोलंड ट्रॅक्टरखाली वाकून काहीतरी बघत होता.

"आपल्या घरात कधी काही बोललं जायचं का?" तिने विचारलं. "मुलांबद्दल. म्हणजे कोणाचं मूल कोणाचं, असं काही?"

"काय झालं?"

तिने सांगितलं. तो सरळ उभा राहिला, हात फडक्याला पुसले आणि हसायला लागला. तिने त्याला इतकं मनापासून हसताना बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"म्हणजे तू पिंचबेक नाहीसच. कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात. मला लहानपणापासून वाटायचंच, ही आपल्यातली दिसत नाही. बापाने जमीन दिली नाही ती उगाच नाही."

"आईबद्दल बोलतोयस तू."

"मी कुठे बोलतोय? तुझी थुंकी बोलतेय."

संध्याकाळपर्यंत गोष्ट 'बेल'मध्ये, म्हणजे गावच्या पबमध्ये, पोचली होती. दुसऱ्या दिवशी दुकानातली बाई हेझलला पाव देताना जरा जास्तच गोड बोलली. टपाल टाकणाऱ्याने विचारलं, "बरं आहे ना बाई?" मेलेल्या आईवर, जिने आयुष्यात गावच्या मेळ्यातसुद्धा परपुरुषाबरोबर नाच केला नव्हता, असा चिखल उडालेला बघून हेझलच्या अंगाची लाही लाही झाली.

रविवारी दुपारी 'बेल'मध्ये सगळं गाव भाजलेलं मांस आणि बटाटे खायला बसलेलं असताना ती आत शिरली. रोलंडच्या ताटाशेजारी तिने डीएनएची एक नवी नळी ठेवली.

"थुंक," ती म्हणाली.

"जेवतोय मी."

"आईला सगळ्या गावासमोर नावं ठेवलीस. आता सगळ्या गावासमोर थुंक. मी कोकिळेची आणि तू कावळ्याचा, हे एकदा कागदावर येऊ दे."

लोकांचे काटे-सुरे थांबले होते. ग्लेनिसने नवऱ्याच्या दंडाला हात लावला, पण एवढ्या लोकांसमोर मागे हटेल तर तो रोलंड कसला. त्याने बिअर बाजूला सारली, थोडा वेळ थांबला आणि नळी भरून दिली. "लवकर पाठव," तो म्हणाला. "बाकावर तुझं नाव कोरायचं की नाही ते ठरवायचंय."

निकाल दोघांच्याही फोनवर एकाच दिवशी आला. सख्खे बहीणभाऊ. एक आई, एक बाप. रोलंडच्या यादीतही कॅनडाचा एकही माणूस नव्हता. आणि त्याच्याही यादीत वरच्या अंगाला टेबच टेब होते.

त्या दिवशी हॉर्न वाजला नाही. नंतरही बरेच दिवस वाजला नाही.

हेझल मात्र आता स्वस्थ बसणार नव्हती. पणजी केझाया हिने काही भानगड केली असं धरलं तर निदान केझायाच्या माहेरची माणसं यादीत दिसायला हवी होती. तीही नव्हती. पणजोबाही गायब आणि पणजीही गायब. मग आजोबा जेबेझ कोणाचे? होल्मफ्लीटच्या नोंदवहीत त्यांचा बाप्तिस्मा स्पष्ट लिहिलेला होता: अठराशे त्र्याण्णवचा मार्च, ईनॉक आणि केझाया पिंचबेक यांचा मुलगा. ती नोंद हेझलने पहिल्याच वर्षी उतरवून घेतली होती.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही तेव्हाची रीत. केझायाचं माहेर मोल्टरबी, कालव्यापलीकडे. मोल्टरबीच्या दफनांची वही हेझलने कधी उघडलीच नव्हती. जो माणूस ऐंशी वर्षं जगला त्याला मेलेल्यांत कोण शोधेल? तिने ती आता उघडली. बाप्तिस्म्याच्या आधीच्या महिन्यात तिथे एक मूल पुरलं होतं. ईनॉक पिंचबेकचं मूल, होल्मफ्लीटचं, वय तीन दिवस.

मग तिने त्याच्या दोन वर्षं आधीची शिरगणती काढली. ईनॉकच्या घरात तेव्हा नवरा-बायको, एक गडी आणि एक मोलकरीण. मोलकरणीचं नाव डॉर्कस टेब, वय सोळा.

केझायाला नंतर मूल झालं नाही. ईनॉकच्या जमिनीला वारस हवा होता, आणि घरातल्या पोरीच्या पोटी, लग्नाशिवाय, नेमक्या त्याच दिवसांत मूल जन्मलं होतं. मुलाचा बाप कोण ते आजतागायत कळलेलं नाही. ईनॉक नव्हता एवढं नक्की, नाहीतर कॅनडावाले जुळले असते. नॉरफोकहून सुगीला येणारा कोणी मजूर असेल. मूल ठेवलं, पोरीला काढलं, आणि गावाला सांगितलं की पिन चोरली.

नॉरिस टेब कालव्यांच्या कामावरून निवृत्त झालेला, रोलंडच्याच वयाचा माणूस होता. त्याच्या मुलीला हेझलने शिकवलं होतं, म्हणून तो तिला बाई म्हणायचा, पण त्यापलीकडे त्याच्या तोंडून पिंचबेकांसाठी बरा शब्द निघत नसे. मागच्याच वर्षी रोलंडने त्याच्या घराकडे जाणारी पायवाट फाटक लावून बंद केली होती. तेव्हापासून नॉरिस दुकानात जायला लांबचा वळसा घालत होता.

तो दारात आला, पण उंबरा ओलांडू दिला नाही.

"तुमच्या घराण्यात डॉर्कस नावाची कोणी होती का?" हेझलने विचारलं.

"ते नाव कुठून काढलंत?"

"जुन्या कागदांतून."

"आमच्या आजोबांची बहीण," तो म्हणाला. "आमच्या घरात तिच्याबद्दल बोलत नसत. तुमच्या घरात बोलत असतील. टर्की कापताना."

हेझलचे कान तापले. गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलेली होती तर. तिने सगळं सांगितलं. मोल्टरबीचं दफन, शिरगणती, ऑस्ट्रेलियातले त्याचे चुलतभाऊ. शेवटी तिने पर्समधून नळीचं पाकीट काढलं. "तुमचं मिळालं तर शंकाच राहणार नाही."

नॉरिसने पाकिटाकडे बघितलं, हात लावला नाही.

"आधी घाम नेलात. मग पायवाट नेलीत. आता थुंकी."

"मी फाटक लावलेलं नाही, नॉरिस."

"तुम्ही काढायलाही लावलं नाहीत." तो दाराला टेकला. त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता. "म्हणजे पोर तुम्ही नेलंत आणि चोर आम्ही. माझा बाप शाळेत होता तेव्हा पोरं त्याच्या खिशात हात घालून बघायची, चमचा आहे का. तो मरेपर्यंत कोणाच्या घरात एकटा थांबला नाही. काही हरवलं तर, म्हणून."

हेझलने पाकीट परत पर्समध्ये टाकलं.

"एक करा बाई," तो म्हणाला. "तिचं नाव तुमच्या भावाच्या घरात घेऊ नका. तो त्याचीही गंमत करेल. तिची एकदा केली तेवढी पुरे."

दार लागलं. हेझलने मान डोलावली होती, पण त्याने ती पाहिली की नाही कोण जाणे.

तिने हे पाळायचं ठरवलं होतं, आणि उन्हाळाभर पाळलंही. ऑगस्टमध्ये बाक तयार झाला. ग्लेनिसने चहाला बोलावलं, म्हणजे रोलंडनेच बोलावलं होतं. सुताराने काढलेले फोटो टेबलावर पसरले होते. थॉमस, मग दुसरा थॉमस, मग विल्यम, आणि खाली उतरत ईनॉक, जेबेझ, हॅरल्ड, रोलंड, त्याचा मुलगा, नातू. हेझलचं नाव नव्हतं.

"फक्त जमीन ज्यांच्याकडे होती तेच घेतलेत," ग्लेनिस म्हणाली. "जागा पुरेना."

"ईनॉकनंतरचं सगळं खोटं आहे, तुला माहीत आहे," हेझल रोलंडला म्हणाली.

"मला काहीही माहीत नाही. एका कंपनीने फोनवर काहीतरी पाठवलंय."

"त्याच कंपनीच्या जोरावर तू मला कोकिळेचं पिल्लू म्हणालास."

"हे बघ." त्याने फोटो गोळा केले. "ईनॉकने त्याला वाढवलं, नाव दिलं, जमीन दिली. झाला तो पिंचबेक. कोण्या चोरट्या पोरीच्या—" तो थांबला. यादीतले टेब आणि पिनची गोष्ट त्यानेही मनात जुळवली होती, हे त्याच्याच तोंडून निसटलं. पण थांबून मागे येणं त्याला येत नव्हतं. "तू त्या दिवशी कागदावर आहे तेवढंच वाच. एक शब्द जास्त नाही."

"आणि वाचला तर?"

"आईबापांच्या थडग्यांशेजारची जागा तुझ्यासाठी राखून ठेवलीय चर्चच्या आवारात. कारभारी म्हणून मीच ठेवलीय. विसरू नकोस."

हेझल घरी निघाली. बापाच्या अंथरुणाशी काढलेली वर्षं, घड्याळ, हॉर्न, 'बेल'मधलं हसणं, सगळं एकदम वर आलं. नॉरिसला दिलेला शब्द त्या गर्दीत कुठेतरी तळाला गेला.

सुगीच्या रविवारी चर्च भरलं होतं. खिडक्यांत भोपळे, गव्हाच्या पेंढ्या, रोलंडच्या शेतातला सगळ्यात मोठा कोबी. बाकावर पांढरं कापड घातलं होतं. पाद्रीबाईंनी प्रार्थना म्हटली, कापड निघालं, लोकांनी वाकून वाकून नावं बघितली. मग हेझल पुढे गेली आणि वाचू लागली. आवाज स्वच्छ लागला होता. थॉमस, थॉमस, विल्यम. ईनॉकपर्यंत आली तशी तिने कागदाची घडी घातली.

"जेबेझ," ती म्हणाली. "डॉर्कस टेब हिचा मुलगा. डॉर्कस ईनॉकच्या घरात मोलकरीण होती. तिचं मूल ठेवून घेतलं आणि तिला चोर म्हणून हाकललं. या बाकावर ईनॉकच्या खाली जी नावं आहेत ती सगळी तिच्या रक्ताची आहेत. माझा भाऊसुद्धा टेब आहे."

मागच्या रांगेत एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "काय म्हणाली ती?" रोलंड उठला, भिंतीपाशी गेला आणि ध्वनिक्षेपकाचं बटण बंद केलं. "गाणं," तो ऑर्गनवाल्याला म्हणाला. गाणं सुरू झालं. हेझल मधल्या वाटेने बाहेर पडली आणि सगळ्यात वाईट हे, की तिला मनातून आनंद झाला होता. रोलंडच्या मानेवर चढलेला लाल रंग तिने डोळे भरून पाहिला होता.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. मग दार वाजलं. नॉरिस रविवारच्या कोटात उभा होता.

"मी चर्चला जात नाही," तो म्हणाला. "पण माझी मुलगी गेली होती."

"आत या."

"नको. तुम्हाला एकच गोष्ट सांगितली होती."

"मी खरं तेच सांगितलं. गावाला कळायला नको का, चोर कोण होतं ते?"

"गावाला कळावं म्हणून सांगितलंत? का भावाला झोंबावं म्हणून?" त्याने कोटाचं बटण लावलं. "सव्वाशे वर्षं त्या पोरीचं नाव कोणी घेतलं नाही. पहिल्यांदा घेतलं ते तुम्ही, आणि कशाला, तर भावाच्या डोक्यात घालायला. दगड मिळाला नाही म्हणून ती उचललीत. माझ्या मुलीला चर्चबाहेर एकाने विचारलं, म्हणजे आता जमीन मागणार का तुम्ही. सगळे हसले. पिंचबेक ते पिंचबेक, बाई. रक्त कुठलं का असेना."

तो वळून गेला. हेझल दारात उभी राहिली.

रोलंडने दुसऱ्याच आठवड्यात निरोप पाठवला, तोही ग्लेनिसकरवी: आवारातली जागा आता राखलेली नाही. पुढे महिनाभर पाद्रीबाई मध्यस्थी करत राहिल्या, पण दोघांपैकी कोणी बधलं नाही. बाक होता तिथेच राहिला. लोक त्यावर बसायचे, गाण्याची पुस्तकं ठेवायचे. नाताळात हेझलने एकटीनेच जेवण केलं.

तिला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून तिने तेच केलं जे येत होतं. ग्रिम्सबीची जी कुटुंबं यादीत होती त्यातल्या एका बाईला तिने लिहिलं. उत्तर जानेवारीत आलं. डॉर्कस होल्मफ्लीटमधून निघाली ती थेट ग्रिम्सबीला गेली, मासे धुरावर वाळवण्याच्या कारखान्यात लागली, पुढे एका खलाशाशी लग्न केलं. चार मुलं झाली. त्या बाईने एक फोटोही पाठवला होता. कारखान्याच्या दाराशी उभी, साठीची, डोक्याला रुमाल, हात छातीशी बांधलेले, फोटो काढणाऱ्याचा राग आल्यासारखी बघणारी.

हेझलने फोटोची प्रत काढली आणि कालव्याकडे गेली. फाटक अजून बंदच होतं, म्हणून लांबच्या वळशाने. नॉरिसने दार उघडलं आणि लगेच लावायला घेतलं. तिने फोटो पुढे धरला.

"भावाला दाखवलेला नाही. दाखवणारही नाही."

त्याने फोटो घेतला, उजेडाकडे धरला.

"आमच्या बापाचं नाक," तो म्हणाला.

"लग्न झालं होतं तिचं. चार मुलं. म्हातारपणी वारली."

"हं." त्याने फोटो परत दिला नाही. "उद्या दुपारी या. माझी बहीण येणार आहे, पॉलीन. तिला सगळं नीट सांगा. चहाची अपेक्षा ठेवू नका."

चहा खरंच मिळाला नाही. पॉलीन टेब नॉरिसहून मोठी, गुडघ्यांनी अधू, पण डोळे धारदार. हेझल सांगत होती तोवर ती फोटो मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "ती परत आली होती एकदा."

नॉरिसने मान वर केली. "तू कधी बोलली नाहीस."

"आजीने मला सांगितलं होतं, आणि म्हणाली होती, पुरुषांना सांगू नकोस, ते मारामारी करतील." पॉलीनने हेझलकडे पाहिलं. "पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या उन्हाळ्यात. आगगाडीने आली, आमच्या आजीकडे उतरली. म्हणाली, काही मागायचं नाही, फक्त बघायचंय. आजी तिला घेऊन तुमच्या शेतापर्यंत गेली. तुमचा जेबेझ गव्हाच्या शेतात घोडे हाकत होता. वीस वर्षांचा. ही बांधावर उभी राहिली. बराच वेळ. त्याने पाहिलं, की एक परकी बाई आपल्या बांधावर उभी आहे. घरातून केझायाही बाहेर आली. तिने ओळखलं असणार. ओरडून म्हणाली, 'तीच ती चोरटी.' आणि जेबेझने कुत्रे सोडले."

हेझलला आजोबा आठवत होते. खिशात साखरेचे खडे घेऊन फिरणारे, कुत्र्यांच्या कानात बोलणारे, तिला खांद्यावर बसवून कालव्यातली बदकं दाखवणारे. तिने खुर्चीच्या हाताला घट्ट धरलं.

"त्यांना माहीत नव्हतं," ती म्हणाली.

"कसं असेल? त्याला सांगितलेलं तेच त्याला माहीत." पॉलीनचा आवाज मऊ झाला नव्हता. "एक पोटरीला चावला. आजीने पट्टी बांधली आणि संध्याकाळच्या गाडीत बसवून दिलं. ती रडली नाही म्हणे. म्हणाली, चांगला धट्टाकट्टा आहे."

बाहेर कालव्यावर पंप सुरू झाला. मग नॉरिसने टेबलावरचं पेन उचललं आणि हेझलच्या वहीवर ठेवलं.

"लिहा," तो म्हणाला. "बाकीचं सगळं लिहिता ना वर्ष-वार घालून. हेही लिहा."

"याला पुरावा नाही. कुठल्याही वहीत—"

"पॉलीन आहे की. लिहा."

हेझलने लिहिलं. जेबेझच्या नावाखाली, जिथे त्याचं लग्न आणि मुलं लिहिलेली होती, तिथे तिने ती दुपार लिहिली: बांध, गहू, केझायाचं ओरडणं, आजोबांनी सोडलेला कुत्रा. लिहून झालं तशी ती वही मिटू लागली.

"वाचून दाखवा," पॉलीन म्हणाली.

हेझलने वाचून दाखवलं. शाळेतला आवाज लागला नाही. पॉलीनने डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली.

"एक नव्हता," ती म्हणाली. "दोन कुत्रे होते."

हेझलने तेवढं खोडलं आणि दोन केले.